जन्मतारखेची नोंद आणि युवकांचे क्रीडांगण

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘युवा ऑलिंपिक स्पर्धा आणि भारतीय संघ’ असा छापलेला आहे. तो वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असणे साहजिक आहे. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवावयाचा, पटनोंदणीसाठी घरोघरी फिरावयाचे. अशा आपल्या शाळेचा सातासमुद्रापलीकडील क्रीडामहोत्सवाशी काय संबंध, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अनुचित म्हणता येणार नाही. परंतु संबंध आहे. तो आपल्या कचेरीतील कपाटात कुलपाखाली ठेवलेल्या एका रजिस्टरातून जातो. तो कसा, हे सांगण्यासाठीच मी आपला थोडा वेळ घेणार आहे.

प्रथम या स्पर्धांचे स्वरूप पाहू. तरुण मुलामुलींसाठी स्वतंत्र ऑलिंपिक स्पर्धा असाव्यात, ही कल्पना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष जाक रोग यांनी २००१ मध्ये मांडली. समितीने २००७ मध्ये ग्वाटेमाला सिटी येथील अधिवेशनात तिला मान्यता दिली आणि पहिल्या उन्हाळी युवा ऑलिंपिक स्पर्धा ऑगस्ट २०१० मध्ये सिंगापूर येथे पार पडल्या. दुसऱ्या स्पर्धा २०१४ मध्ये चीनमधील नानजिंग येथे आणि तिसऱ्या ऑक्टोबर २०१८ मध्ये अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स येथे झाल्या. चौथ्या स्पर्धांचा मान सेनेगल देशातील डकार या शहराला देण्यात आला. त्या मूळच्या २०२२ साठी योजिलेल्या होत्या, पण पुढे २०२६ वर नेण्यात आल्या.

या स्पर्धांत स्थूलमानाने १४ ते १८ वर्षे वयाच्या खेळाडूंना प्रवेश असतो. पदके मिळतातच, पण केवळ पदके मिळविणे हा तेथील एकमेव हेतू नाही. काही सामन्यांत निरनिराळ्या देशांच्या मुलामुलींचे मिश्र संघ करून त्यांना एकत्र खेळविले जाते. भारताच्या मनू भाकर हिने ब्युनॉस आयर्स येथे ताजिकिस्तानच्या एका मुलाबरोबर जोडीने पिस्तूल नेमबाजीत रौप्यपदक मिळविले. ते पदक कोणत्याही एका देशाच्या खात्यावर धरले गेले नाही. त्याच महोत्सवात, ऑलिंपिक चळवळीच्या इतिहासात प्रथमच, मुले आणि मुली समान संख्येने सहभागी झाल्या. ही गोष्ट आपण सर्वांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता भारतीय संघाची कामगिरी पाहू. सिंगापूर येथे आपल्याला ८ पदके मिळाली. ६ रौप्य आणि २ कांस्य. नानजिंग येथे केवळ २ मिळाली. ब्युनॉस आयर्सला भारताने १३ क्रीडाप्रकारांत ४६ खेळाडू पाठविले. त्यांनी ३ सुवर्ण, ९ रौप्य आणि १ कांस्य अशी १३ पदके मिळविली. त्यांपैकी पहिले पदक महाराष्ट्राच्या तुषार माने याचे. त्याने १० मीटर एअर रायफलमध्ये रौप्यपदक मिळविले. मिझोरममधील ऐजॉलच्या जेरेमी लालरिन्नुंगा याने ६२ किलो वजनगटात स्नॅचमध्ये १२४ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १५० असे एकूण २७४ किलो वजन उचलून युवा ऑलिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. त्या दिवशी त्याला सोळावे वर्ष पूर्ण होण्यास काही दिवस बाकी होते. पिस्तूल नेमबाजीत मनू भाकर आणि सौरभ चौधरी यांनी सुवर्णपदके मिळविली. मणिपूरच्या तबाबी देवी हिने ज्यूदोमध्ये रौप्य जिंकले. ऑलिंपिकच्या कोणत्याही पातळीवर भारताला मिळालेले ज्यूदोतील ते पहिले पदक होय. १३ पैकी ५ पदके मुलींची होती.

ही मुले कोठून आली, हेही पाहा. सौरभ हा उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्याच्या कलिना गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. मनू ही हरियाणातील झज्जर जिल्ह्याच्या गोरिया गावची. मुलींच्या हॉकी संघाची कर्णधार सलीमा टेटे ही झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्याच्या बडकीछापर या खेड्यातील. त्याच संघातील मुमताज खान ही लखनौच्या भाजीविक्रेत्याची कन्या. जेरेमीने भारोत्तोलनाचे पहिले धडे बांबूच्या काठीवर गिरविले. पुढे त्याची निवड पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये झाली आणि तेथे त्याची जोपासना झाली. यांतील बहुतेक घरे आपल्या पटावरील मुलांच्या घरांहून फारशी निराळी नाहीत.

परंतु मित्रहो, ही मुले तेथे ज्या एका गोष्टीच्या बळावर उभी राहिली, तिचा उल्लेख वृत्तपत्रांत सहसा येत नाही. ती गोष्ट म्हणजे त्यांची जन्मतारीख. ब्युनॉस आयर्स येथील स्पर्धांसाठी खेळाडूचा जन्म १ जानेवारी २००० ते ३१ डिसेंबर २००३ या काळातील असणे आवश्यक होते. त्यातही काही खेळांना याहून आखूड मर्यादा होती. आपल्याकडील शालेय क्रीडास्पर्धाही १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. मोठ्या माणसांच्या स्पर्धेत वय कोणी विचारीत नाही. मुलांच्या स्पर्धेत मात्र वय हाच न्यायाचा पाया असतो. तो ढासळला की वरची इमारत कितीही देखणी असो, ती खोटी ठरते.

वयातील एका-दोन वर्षांचे महत्त्व शिक्षकांना सांगावयास नको. सातवीच्या वर्गात एकाच बाकावर बसलेली दोन मुले पाहा. एकाचा आवाज फुटला आहे, खांदे रुंदावले आहेत. दुसरा अजून मुलासारखा मूल आहे. या वयात शरीराची वाढ इतकी झपाट्याने होते की, दीड वर्षाने थोरला मुलगा कुस्तीत किंवा गोळाफेकीत धाकट्याला सहज मागे टाकतो. हा विजय कौशल्याचा नसतो. आधी जन्मल्याचा असतो. असा मुलगा खोट्या तारखेच्या आधाराने धाकट्या गटात घुसला, तर ज्या मुलाची खरी पात्रता होती तो गावाच्या वेशीवरच थांबतो. तो कोण होता हे पुढे कोणालाच कळत नाही. त्याने तक्रार करावी कोणाकडे?

आणि ज्याचे वय लपविले, त्याचे तरी हित होते काय? चौदा वर्षांखालील गटात सोळा वर्षांचा मुलगा अंगबळावर जिंकतो, म्हणून त्याला तंत्र शिकण्याची निकड भासत नाही. चार-पाच वर्षांनी बरोबरीची मुले अंगाने भरतात आणि याचे अवसान गळते. मध्यंतरी कोठे तपासणी झाली आणि लबाडी उघडकीस आली, तर मिळालेले प्रमाणपत्र जाते, खेळण्यास बंदी येते आणि घराण्याच्या नावाला काळिमा लागतो. वयाची शंका आल्यास मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांच्या वाढीवरून वय अजमावितात. तथापि त्यावरून वयाचा केवळ अंदाज मिळतो. जन्माचा दिवस मिळत नाही. काही मुलांची हाडे वयाच्या मानाने लवकर पक्व होतात. अशा प्रामाणिक मुलावर संशय आला, तर त्याच्या बाजूने साक्ष देणारी वस्तू एकच असते. लहानपणीच, कोणत्याही स्पर्धेची चाहूल नसताना, कोणाच्या तरी हाताने खरी लिहिलेली जन्माची नोंद, हीच ती वस्तू होय. खेड्यात तो हात फार वेळा प्राथमिक शिक्षकाचा असतो.

म्हणून मी त्या रजिस्टराकडे वळतो. शिक्षक म्हणून आणि पुढे तपासणीच्या निमित्ताने मी पुष्कळ शाळांची जनरल रजिस्टरे चाळली आहेत. जुन्या पानांवर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख ओळीने उतरलेली दिसते. गावातील निम्मी प्रजा एकाच दिवशी जन्माला आली की काय, असे वाटावे! त्या काळच्या गुरुजींना मी दोष देत नाही. आईने सांगावे, ‘मोठ्या पुरात झाला’. आजीने सांगावे, ‘थोरल्या बैलाला विकला त्या साली.’ जन्माची नोंद कोणी केलेली नसे. मुलगा शाळेत यावा ही गुरुजींना तळमळ. म्हणून सहा वर्षे पूर्ण होतील अशा बेताने ते शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालीत. त्यामागे लबाडी नव्हती, अडचण होती.

आज ती अडचण राहिलेली नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. ग्रामपंचायतीत नोंदी होतात आणि बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासारख्या कामांत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरविण्यात आला आहे. परंतु त्यापूर्वी जन्मलेली मुले अद्याप काही वर्षे आपल्या शाळांतून शिकणार आहेत. त्यांच्यात ऊसतोड कामगारांची, मेंढपाळांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची मुले आहेत. त्यांचा जन्म एका जिल्ह्यात, नोंद दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कोठेच नाही, आणि शाळा तिसऱ्या जिल्ह्यात. अशा मुलाची तारीख ‘सोयीची’ म्हणून ठोकून देणे सोपे आहे. दवाखान्याचा कागद, अंगणवाडीतील नोंद, लसीकरणाचे कार्ड यांचा माग काढणे आणि पालकांना ग्रामपंचायतीची वाट दाखविणे हे कष्टाचे आहे. तरी ते कष्ट आपण घेतलेच पाहिजेत. त्या मुलापाशी त्याचे खरे वय सोडून दुसरी मिळकत फारशी नसते.

याहून बिकट प्रसंग निराळा असतो. गावातील एखादा वजनदार गृहस्थ शाळेत येतो. चहा होतो, गोष्टी होतात आणि मग तो हळूच म्हणतो, “गुरुजी, पोरगं चपळ आहे. दोन वर्षं कमी लावा, जिल्ह्याला जाईल. गावाचं नाव होईल, शाळेचंही होईल.” त्याचा हेतू दुष्ट नसतो. त्याला खरोखरच गावाचा अभिमान असतो. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? नियम स्पष्ट आहे. रजिस्टरात एकदा झालेली नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही आणि मंजुरीला पुरावा लागतो. परंतु केवळ नियमाचे पुस्तक पुढे करून माणूस दुखावू नये. त्याला समजावून सांगावे. म्हणावे, “दादा, आज मी दोन वर्षे पुसली, तर आपल्या गावाचे नाव होईल, पण शेजारच्या गावच्या गुरुजींनीही उद्या हेच केले, तर आपला खरा मुलगा मागे राहील. मग कोणत्या तोंडाने आपण तक्रार करावयाची? आणि उद्या तपासणीत हे उघडे पडले, तर याच पोराचे नाव पेपरात येईल.” माझा अनुभव असा की, शांतपणे सांगितलेली गोष्ट खेड्यातील माणूस ऐकतो. न ऐकल्यास त्याचा राग पत्करावा, पण खाडाखोड करू नये. अशा वेळी शिक्षक एकटा पडू नये, त्याच्या पाठीशी उभे राहावे, हे केंद्रप्रमुखांचे आणि आम्हा अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. ते आम्ही पार पाडू, हे मी या व्यासपीठावरून सांगतो.

वयाविषयी आणखी एक गोष्ट या भारतीय संघाच्या पुढील वाटचालीवरून शिकण्यासारखी आहे. कोवळ्या वयातील यश म्हणजे भविष्याची हमी नव्हे. आणि त्या वयातील अपयश म्हणजे शेवटही नव्हे. ब्युनॉस आयर्सचे सुवर्णपदक मिळविणारी मनू २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमधून रिक्त हस्ताने परतली. त्यानंतर २०२४ मध्ये पॅरिस येथे तिने दोन कांस्यपदके मिळविली. सौरभ टोकियोच्या पात्रता फेरीत पहिला आला, अंतिम फेरीत सातवा राहिला आणि पॅरिसच्या संघात त्याला स्थान मिळाले नाही. जेरेमीने २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ६७ किलो गटात ३०० किलो उचलून सुवर्ण मिळविले; पण पुढे दुखापतींनी त्याला गाठले आणि पॅरिसला तो जाऊ शकला नाही. तिघांचे यश एकाच आठवड्यातील, एकाच गावचे. वाटा मात्र तीन.

याउलट प्रवीण चित्रवेल पाहा. तिहेरी उडीत त्या वर्षी त्याला कांस्यपदक मिळाले. तेथील त्याची सर्वांत लांब उडी १५.८४ मीटर होती. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, हवाना येथे त्याने १७.३७ मीटर उडी मारून राष्ट्रीय विक्रम केला. सिंगापूर येथे २०१० मध्ये बॅडमिंटनचे रौप्यपदक मिळविणारा एच. एस. प्रणय हा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे कांस्यपदक जिंकला, तेव्हा २०२३ साल उजाडले होते आणि तो ३१ वर्षांचा झाला होता. ऑलिंपिकचे मैदान त्याला त्याच्याही पुढच्या वर्षी लाभले. फळ पिकण्यास झाडानुसार निरनिराळा काळ लागतो, हे शेतकऱ्याच्या मुलांना शिकविणाऱ्या आपल्याला मी काय सांगावे!

मेहुली घोष या बंगालच्या मुलीचा प्रसंगही सांगतो. रायफलच्या अंतिम फेरीत ती आघाडीवर होती. पण शेवटच्या नेमाला ९.१ गुण मिळाले आणि सुवर्ण ०.७ गुणांनी हुकले. इतक्या जवळून हुकलेल्या मुलाशी त्या संध्याकाळी मोठी माणसे काय बोलतात, यावर तो पुढे खेळणार की नाही हे पुष्कळदा अवलंबून असते. तालुक्याच्या स्पर्धेहून हरून आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आपण कोणत्या शब्दांनी हाक मारतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता आपल्या अंगणात करावयाच्या चार गोष्टी सांगून मी रजा घेतो.

पहिली गोष्ट. पळण्याच्या, उडीच्या, लंगडीच्या स्पर्धा घेताना मुलांचे गट केवळ इयत्तेवरून पाडू नका. जन्मतारीख पाहून पाडा. पहिलीच्या एकाच वर्गात जवळजवळ वर्षभर मागेपुढे जन्मलेली मुले असतात. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अकरा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा-सातवा हिस्सा होय. मागे पडणारे मूल ‘मंद’ आहे की केवळ धाकटे आहे, हे रजिस्टर उघडून पाहिल्यावाचून ठरवू नये. वाचन-लेखनालाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट. एक साधी वही ठेवा. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि जानेवारीत, प्रत्येक मुलाची उंची, वजन, पन्नास मीटर धावण्यास लागलेला वेळ आणि उभ्याने मारलेल्या लांब उडीचे अंतर तीत लिहा. फक्कीने आखलेली रेषा, एक मोजपट्टी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे साहित्य पुरे. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्याच मागील नोंदीशी करा. ‘गेल्या वेळेपेक्षा तू चार बोटे लांब उडी मारलीस’ हे वाक्य शेवटच्या क्रमांकाच्या मुलालाही ऐकावयास मिळाले पाहिजे.

तिसरी गोष्ट. मैदान लहान आहे ही सबब सांगू नये. ब्युनॉस आयर्स येथे आपल्या मुलामुलींनी हॉकीची दोन रौप्यपदके मिळविली, ती अकरा खेळाडूंच्या नव्हे, पाच-पाच खेळाडूंच्या हॉकीत, लहान मैदानावर. संख्या आणि जागा पाहून खेळ बेतता येतो. आपली लंगडी आणि आपला खो-खो यांना तर साहित्यही लागत नाही.

चौथी गोष्ट. खेळाच्या तासाला मुली भिंतीकडेला बसून राहणार नाहीत याची काळजी घ्या. जगाच्या मैदानावर मुलामुलींची संख्या समान झाली आहे. आपल्या पन्नास फुटांच्या अंगणात ती होण्यास कोणत्याही ठरावाची आवश्यकता नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या शाळेतून ऑलिंपिकवीर निघालाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. पटावरील बहुतेक मुले शेती करतील, नोकरी धरतील, संसार करतील. त्यांचे पदक म्हणजे निरोगी शरीर आणि हार पचविण्याची ताकद. परंतु त्यांच्यातील एखादा खरोखरच दूरच्या मैदानावर जाऊन उभा राहिला, तर तेथे त्याचे वय विचारले जाईल. त्या वेळी त्याने निःशंक मनाने सांगावी अशी तारीख आपल्या हातून लिहिली जावो. येत्या जूनमध्ये नवागतांची नोंद करताना, लेखणी त्या रकान्यावर आली की क्षणभर थांबा, कागद पुन्हा एकदा पाहा आणि मगच लिहा.